संगणक बंद होतो, रेड मात्र ‘बिझी’

या महिन्याची चारही पत्रं लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडबद्दल (अनेक डिस्क जोडून त्यांचा एक संच, म्हणजे ‘ॲरे’, करण्याची सोय) आहेत आणि चारही शटडाउनच्या वेळच्या घोटाळ्यांची, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत.

प्रश्न : दोन डिस्कच्या रेड १ वर (दोन्हींवर तोच डेटा) लिनक्स बसवलं आहे. शटडाउन करताना अगदी शेवटी काळ्या पडद्यावर ‘कुड नॉट स्टॉप एमडी /डेव्ह/एमडी१२७ : डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं झळकतं आणि संगणक बंद होतो. डिस्क जायला आली आहे का? (ठाणे)

नाही, डिस्कचा इथे काही संबंध नाही. बंद होताना सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) आधी सेवा थांबवतो, मग फाइल सिस्टिम उतरवतो आणि सगळ्यात शेवटी ॲरे थांबवू पाहतो. तुमची रूट फाइल सिस्टिमच (जिच्यावर खुद्द लिनक्स आहे ती) त्या ॲरेवर आहे, त्यामुळे बसलोय तीच फांदी तोडायला सांगितल्यासारखं होतं. मग तो रूटला फक्त-वाचनीय करतो, ॲरे ‘बिझी’ म्हणून तसाच सोडतो आणि पुढचं कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, सोपवतो. कर्नेल ॲरेवरचं लेखन थांबवून सुपरब्लॉकवर (ॲरेची माहिती ठेवणारा डिस्कवरचा भाग) ‘क्लीन’ अशी खूण करतो. एरवीही शेवटच्या लेखनानंतर साधारण ०.२ सेकंद शांतता मिळाली की एमडी (कर्नेलमधला रेड सांभाळणारा भाग) ही खूण आपणहून करतच असतो.

तेव्हा पडद्यावरच्या ओळीवरून निदान करू नका. पुढच्या बूटनंतर ‘डीमेसेज’मध्ये (कर्नेलचे संदेश दाखवणारी आज्ञा) एमडीच्या ओळी पाहा. तिथे ‘नॉट क्लीन -- स्टार्टिंग बॅकग्राउंड रिकन्स्ट्रक्शन’ असं दिसलं तर खूण झाली नव्हती. दिसलं नाही तर तो संदेश खुशाल विसरा.

ॲरे रूटचा नसून डेटाचा असेल, तर मात्र कुणीतरी तो धरून बसलंय. शटडाउन ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट अडतो तेव्हाही बहुधा हेच असतं. थांबायला नकार देणाऱ्या सेवेला सिस्टमडी मुळात ९० सेकंद देतो. शटडाउनची वाट न बघता चालू संगणकावर ‘एलएसबीएलके’ चालवून ॲरेवर काय काय रचलंय ते पाहा. मग वरून खाली एकेक थर हातानं सोडवा : आधी ‘यूमाउंट’, मग एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर ‘व्हीजीचेंज -एएन’ आणि ग्रुपचं नाव, एन्क्रिप्शन असेल तर ‘क्रिप्टसेटअप क्लोज’, शेवटी ‘एमडीॲडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७’. जिथे अडेल तिथे चोर. ‘फ्यूजर -व्हीएम’ आणि माउंटचा पत्ता दिला की प्रोसेसची यादी मिळते.

यादी रिकामी आणि यूमाउंट तरीही ‘बिझी’ म्हणतोय, इथे बरेच जण हतबल होतात. अशा वेळी कर्नेलमधल्या गोष्टी तपासा. एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची पद्धत) ॲरेवरचा फोल्डर शेअर केला असेल तर एनएफएस सर्व्हर कर्नेलच्या आत चालतो, प्रोसेसच्या यादीत येत नाही. ‘एक्सपोर्टएफएस -यूए’ केल्यावर सुटतो. ॲरेवर स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी) असेल तर ‘स्वॅपऑफ’. आयएसओ फाइल लूप डिव्हाइसवर जोडलेली असेल तर ‘लोसेटअप -ए’ दाखवेल.

जाता जाता : ॲरेला नाव एमडी० दिलं होतं, एमडी१२७ कुठून आलं? बूटच्या सुरुवातीच्या इनिटरॅमएफएसमध्ये (आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) तुमच्या ॲरेची नोंद नाही. ‘एमडीॲडम --डिटेल --स्कॅन’ची ओळ /ईटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ मध्ये घाला आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. फेडोरावर ती फाइल थेट /ईटीसी मध्ये असते आणि आज्ञा ‘ड्रॅकट -एफ’.

प्रश्न : बायोसमधून बनवलेला रेड १ आहे, ४ टीबीच्या दोन डिस्क. रोज व्यवस्थित शटडाउन करूनही सकाळी रिसिंक (डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवणं) पहिल्यापासून सुरू होतो. (नाशिक)

आधी ‘एमडीॲडम --एक्झामिन’ आणि डिस्कचं नाव देऊन मेटाडेटा (डिस्कवरची ॲरेची नोंद) कोणता ते पाहा. आयएमएसएम किंवा डीडीएफ (बायोसच्या रेडचे प्रकार) दिसलं, तर गाठ इथेच आहे. लिनक्सच्या स्वतःच्या मेटाडेटात खुणा कर्नेल करतो. या परक्या मेटाडेटाच्या खुणा ‘एमडीमॉन’ नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. शटडाउनला सगळे प्रोसेस मारले जातात त्यात तोही गेला, तर ‘क्लीन’ लिहायला कुणी उरत नाही. कधी उलटंही होतं : फाइल सिस्टिमला शेवटचं लेखन करायचं असतं, परवानगी द्यायला एमडीमॉन नसतो आणि शटडाउन तिथेच गोठतो.

यावर ठरलेली सोय अशी की ज्या प्रोसेसचं नाव ‘@’ या चिन्हानं सुरू होतं त्याला सिस्टमडी शेवटच्या मारणीत हात लावत नाही. म्हणून ‘पीएस -ईएफ’ मध्ये एमडीमॉनची ओळ शोधा. ती ‘@एसबिन/एमडीमॉन’ अशी दिसायला हवी. ‘@’ नसेल तर एमडीॲडमचं पॅकेज अद्ययावत करा, इनिटरॅमएफएस नव्यानं बनवा आणि एकदा रीबूट करून पुन्हा पाहा. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-शटडाउन या फोल्डरात ‘एमडीॲडम.शटडाउन’ ही फाइल आहे ना, तेही बघा. तिच्यात ‘एमडीॲडम --वेट-क्लीन --स्कॅन’ असतं, म्हणजे ॲरे क्लीन होईपर्यंत थांबा. याच डिस्कवर विंडोजही असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं.

आमचं मत विचाराल तर, मशीनवर फक्त लिनक्स असेल तर बायोसच्या रेडचा हट्ट कशाला? बॅकअप घ्या, तो मोडा आणि मेटाडेटा १.२ चा साधा एमडी रेड करा. त्याला ‘एमडीॲडम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल’नं बिटमॅप (कुठले भाग बदलले याची नोंद) लावला की खूण चुकली तरी मधले बदललेले भागच ताळ्यावर आणले जातात. सेकंदाला १५० एमबी या वेगानं ४ टीबीचा अख्खा रिसिंक साडेसात तास घेतो. बिटमॅप असेल तर काम बहुधा काही मिनिटांत आटपतं.

प्रश्न : डिस्क बदलल्यावर रिबिल्ड ६० टक्के झालंय. मध्येच बंद केलं तर चालेल का? (बेळगाव)

चालेल. मेटाडेटा १.० ते १.२ असेल तर कुठवर आलं ते सुपरब्लॉकमध्ये लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. महिन्याची ‘चेक’ तपासणी मात्र पुन्हा पहिल्यापासून लागते. ती अर्ध्यावर थांबवायची असेल तर /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_ॲक्शन मध्ये ‘आयडल’ लिहा.

प्रश्न : चार डिस्कचा रेड ५, एक डिस्क आधीच गेलेली. वीज गेली आणि आता ‘कॅनॉट स्टार्ट डर्टी डिग्रेडेड ॲरे’ असं म्हणतोय. (सोलापूर)

नकार योग्य आहे. लेखन चालू असताना वीज गेली की डेटा लिहिला गेलेला आणि पॅरिटी (हरवलेला भाग परत काढण्यासाठीचा हिशेब) जुनी, अशी काही पट्टी (सगळ्या डिस्कवर पसरलेला डेटाचा तुकडा) राहू शकते. चौथी डिस्क हजर असती तर पॅरिटी नव्यानं मोजता आली असती. ती नाही, म्हणून गेलेल्या डिस्कचा त्या पट्टीतला भाग चुकीचा काढला जाण्याची शक्यता आहे. एमडी ती जबाबदारी तुमच्यावर टाकतोय.

‘--क्रिएट’ मात्र चुकूनही चालवू नका. डिस्कचा क्रम किंवा चंक आकार (एका डिस्कवरच्या तुकड्याचा आकार) चुकला की होता तो डेटाही हातचा जाईल. तिन्ही डिस्कवर ‘--एक्झामिन’ चालवून ‘इव्हेंट्स’चे (ॲरेतल्या बदलांची मोजणी) आकडे कागदावर लिहा. ते सारखे किंवा अगदी जवळचे असतील तर ॲरे थांबवून ‘एमडीॲडम --असेंबल --फोर्स’ करा. एखादा आकडा हजारोंनी मागे असेल तर थांबा, आधी डिस्कच्या प्रती काढा. ॲरे उभा राहिला की फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असल्यास ‘एफएससीके -एन’ : पाहतो, बदलत नाही. मग फक्त-वाचनीय माउंट करून महत्त्वाचं बाहेर काढा आणि त्यानंतरच नवी डिस्क जोडा.

पुढच्यासाठी दोन गोष्टी. कर्नेल ४.१२ पासून रेड ५ ला ‘--कन्सिस्टन्सी-पॉलिसी=पीपीएल’ मिळतं, ते नेमकी ही भानगड टाळतं; मात्र ते बिटमॅपसोबत चालत नाही, आधी बिटमॅप काढावा लागतो. दुसरं, यूपीएसची यूएसबी वायर संगणकाला जोडा आणि एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत शटडाउन आपोआप होईल. घरच्या इन्व्हर्टरवर भागवत असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणाऱ्या क्षणात पंखा फिरत राहतो, संगणक मात्र रीस्टार्ट होतो.