नागपुरात समुद्र नाही, मग बिम्सटेकचं आपल्याला काय?

प्रश्न: भाऊ, टीव्हीवर बिम्सटेक बिम्सटेक ऐकून कान किटले. समुद्रकाठचे देश एकत्र येतात तर येऊ द्या ना, आपल्याकडे फुटाळा तलाव सोडला तर पाणी कुठाय? आपल्याला यात काही फायदा आहे, की नुसता त्यांचा चहा-नाश्ता?
– एक वाचक, महाल

उत्तर: चहा-नाश्ता होतो राजेहो, त्यात वाद नाही. बिम्सटेक म्हणजे भारत-बांगलादेशसकट बंगालच्या उपसागराच्या भागातल्या सात देशांची संघटना, १९९७ पासून आहे, ऑफिस ढाक्याला, आणि चाल बैलगाडीची. पण शेजाऱ्यांची सगळीच कामं तिथून होत नाहीत.

२०२१ चा सप्टेंबर आठवा. गुलाब वादळ २६ तारखेला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा उरलासुरला पाऊस विदर्भ-मराठवाड्यावर असा कोसळला की उभं सोयाबीन पाण्यात गेलं. गुलाब हे नाव पाकिस्तानने दिलेलं! मग तेच वादळ थकून गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे परत तापलं, नाव मिळालं शाहीन, हे कतारचं, आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राच्या भागातल्या १३ देशांनी (हा गट बिम्सटेकहून वेगळा) प्रत्येकी १३ नावं देऊन वादळांच्या १६९ नावांची यादी केलीय, आणि दिल्लीचं हवामान खातं या सगळ्यांना इशारे पाठवतं, आपसात बोलचाल बंद असली तरी.

आणि अशी इशाऱ्याची सोय नसली की काय होतं ते २००४ च्या त्सुनामीत दिसलं. सुमात्राजवळ भूकंप झाला, लाट तामिळनाडूला पोचायला दोनेक तास होते, पण हिंदी महासागरात इशारा द्यायची सोयच नव्हती, सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. आता भारत, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया तिघं मिळून २०११ पासून सगळ्यांना इशारा देतात, आपलं केंद्र हैदराबादला, म्हणजे इथून रात्रीच्या ट्रेनने सकाळी पोचाल एवढंच.

आता संत्र्याचं बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असणार. वरुड-मोर्शीचा माल ट्रकने बांगलादेशला जायचा, त्यांनी आयात ड्युटी वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ टका (म्हणजे त्यांचा रुपया) एवढी नेली आणि इकडे भाव पडले. वादळाचं नाव ठरवायला तेरा जण बसतात, संत्र्याच्या ड्युटीसाठी दोघं बसत नाहीत, हे मला तरी पटत नाही. बिम्सटेकवाल्यांचा व्यापार करार २००४ पासून चर्चेतच अडकलाय, तेवढा झाला असता तर आपल्या कळमन्याच्या संत्रा मार्केटात तुम्हीच मला बिम्सटेक समजावून सांगितलं असतं.