चांदीच्या नाण्यांचे ग्रेडिंग : खर्च कधी निघतो, कधी नाही

प्रश्न : आमची शेती दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) आहे. अमेरिकेत नोकरीला असलेल्या पुतण्याने भेट म्हणून तिकडच्या ‘सिल्व्हर ईगल’ नाण्यांची एक नळी दिली. तीत २०१५ सालची २० नाणी आहेत. नागपूरच्या एका नाणेप्रदर्शनात विक्रेत्याने सांगितले की, ही नाणी परदेशी कंपनीकडून ग्रेडिंग करून पेटीबंद करून घेतली तर दुप्पट भाव येईल. आजीच्या वेळचे काही राणी छाप रुपयेही घरात आहेत. ही सगळी चांदी मुलीच्या शिक्षणासाठी राखून ठेवली आहे. ग्रेडिंगवर पैसे घालावेत का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ईगल नाण्यांवर घालू नयेत. राणी छाप रुपयांचे उत्तर मात्र वेगळे आहे, त्याकडे नंतर वळू.

ग्रेडिंग करणारी कंपनी दोन गोष्टी सांगते : नाणे अस्सल आहे की नाही आणि ते किती निर्दोष आहे. निर्दोषपणा १ ते ७० अशा गुणांत मोजला जातो. पाचपट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखालीही नाण्यावर टाकसाळीनंतरचा ओरखडा किंवा डाग दिसला नाही, तरच ७० गुण मिळतात. त्यानंतर नाणे स्लॅब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारदर्शक पेटीत कायमचे बंद होते. ही मोजपट्टी नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली होती. त्या नाण्यांत झीज झालेले आणि कोरे यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडत असे. आपल्याकडच्या ईगल नाण्यांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. २०१५ या एकाच वर्षी ४ कोटी ७० लाख ईगल नाणी पाडली गेली आणि ती कधी बाजारात हातोहात फिरली नाहीत, टाकसाळीतून थेट नळीत गेली. अशा नाण्यांना ६९ गुण सहज मिळतात, म्हणून ६९ गुणांच्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फारसे काही जास्त मिळत नाही. ७० गुण मिळाले तर थोडे अधिक मिळते, पण तेही जिथे अशा पेट्या जमवणारे गिऱ्हाईक आहे तिथेच.

आता खर्च पाहू. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून केवळ हिशेबापुरता ग्रॅमला २०० रुपये धरला, तर ३१.१ ग्रॅमच्या एका नाण्यात ६,२२० रुपयांची चांदी आहे. आधुनिक नाण्यांच्या स्वस्त वर्गातही ग्रेडिंगचे शुल्क नाण्यामागे वीस डॉलरच्या आसपास जाते. डॉलर ९० रुपये धरला तर ते १,८०० रुपये होतात आणि २० नाण्यांचे ३६,००० रुपये, म्हणजे जवळजवळ सहा नाण्यांची चांदी झाली. यात सभासदत्व, जाण्यायेण्याचे टपाल आणि विमा अजून धरलेलाच नाही. उद्या फी भरायची वेळ आली आणि आपण ही नाणी दारव्ह्याच्या किंवा यवतमाळच्या सराफाकडे नेली, तर तो पेटी बाजूला ठेवील, नाणे काट्यावर टाकील आणि त्या दिवसाच्या भावातून आपली घट कापून पैसे देईल. पेटीवरच्या आकड्याला त्याच्या दुकानात मोल नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. दुप्पट भाव सांगणाऱ्या विक्रेत्याला एवढेच विचारावे की, ग्रेडिंग झालेली ही नाणी आपण स्वतः त्या भावाने विकत घ्याल का आणि तसे लिहून द्याल का.

ईगल नाण्यांत ग्रेडिंगला अर्थ असलेले अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत. १९९६ सालची नाणी सुमारे ३६ लाखच निघाली, तर १९९५ चे ‘डब्ल्यू’ खुणेचे (वेस्ट पॉइंट टाकसाळीचे) प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेले नाणे अवघे ३० हजारांच्या घरात निघाले. नळीत २०१५ चीच नाणी असल्याने तो प्रश्न येत नाही.

अस्सलपणाची शंका असेल तर तिचे निरसन गावातच होते. खऱ्या ईगलचे वजन ३१.१ ग्रॅम आणि व्यास ४०.६ मिलिमीटर असतो, आणि त्याला लोहचुंबक ओढत नाही. त्यापुढची परीक्षा सराफाच्या डिजिटल काट्यावर करता येते. पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने टांगून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण पाण्यात सोडावे. चांदीची घनता १०.४९ असल्यामुळे काटा साधारण २.९६ ग्रॅम दाखवील. वर चांदीचा मुलामा दिलेले पितळ असेल, तर त्याच वजनाला आकडा साडेतीनच्या पुढे जाईल. पाहून झाले की नाणे मऊ कापडाने न घासता टिपून कोरडे करावे.

राणी छाप रुपयांकडे मात्र काळजीने पाहावे. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. नेहमीच्या सालाचा झिजलेला रुपया चांदीच्या भावाच्या जवळपासच जातो. उजेडात नाणे हळूहळू फिरवून राणीच्या कानावरचे केस आणि गालाचा उंचवटा पाहावा. केसांच्या बटा सुट्या दिसत असतील आणि चकाकी नाण्याबरोबर चाकासारखी फिरत असेल, तर ते नाणे जाणकाराला दाखवण्याजोगे आहे. एकाच दिशेने बारीक ओरखडे दिसले तर ते कधीतरी चिंचेने किंवा राखेने घासलेले असते. माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा डाग काठावर असेल, तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. अशा नाण्यांना ग्रेडिंगवाले अस्सल म्हणतात, पण गुणांक देत नाहीत. राजा छाप नाणी निघाली तर १९११ चा, राजाच्या पोशाखावरच्या हत्तीच्या जागी डुक्कर दिसते म्हणून मागे घेतलेला रुपया आणि १९३९ चा रुपया वेगळे काढून ठेवावेत, विशेषतः १९३९ चा. तो अत्यंत दुर्मीळ असल्याने त्याच्या अस्सलपणासाठी केलेला खर्च वाया जात नाही. मात्र शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाहीत, हे टपाल करण्याआधी ध्यानात असावे.

घरातली कोणतीही नाणी लक्ष्मीपूजनासाठी घासू नयेत, ही कळकळीची विनंती. ईगल त्यांच्या नळीतच राहू द्यावीत. रबरबँड आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या यांच्यापासून दूर ठेवावीत. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि पीव्हीसीने हिरवट चिकटा धरतो.

प्रश्न : दर धनत्रयोदशीला खामगावहून घेतलेली लक्ष्मी-गणपतीची १० आणि २० ग्रॅमची नाणी आमच्याकडे आहेत. त्यांचे ग्रेडिंग होते का?
— एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : या नाण्यांना संग्राहकांचा बाजार नाही, त्यामुळे ग्रेडिंगचा विचारच करू नये. यांच्या बाबतीत शुद्धता तेवढी पाहायची. नव्या खरेदीत हॉलमार्क मागून घ्यावा; १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र हॉलमार्क ओळख क्रमांकाची ऐच्छिक सोय झाली आहे. जुन्या नाण्यांची शुद्धता तपासणी केंद्रातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) यंत्रावर नाणे न कापता कळते. नाणी सीलबंद कार्डात असतील तर कार्ड फोडू नये आणि पावती त्याच पाकिटात ठेवावी, कारण परत विकताना सराफ आधी तीच मागतो.