दिवाळीच्या सुट्टीत आई-वडिलांची ऑनलाइन फसवणूक होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील गावी एकटे असतात, सणासुदीला त्यांच्या फोनवर नाही नाही ते मेसेज येतात, आणि वयस्कर माणसं भोळी असतात, तर त्यांचं यूपीआय बंदच करून टाकावं का. ओटीपी कुणाला देऊ नका, लिंक दाबू नका, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मी लिहायला बसलो ते तुमच्या त्या 'भोळी असतात'मुळे.

आमचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गल्ल्यावर अजून आप्पाच बसतात, म्हणजे माझे वडील. दिवाळी तोंडावर आली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि पाटीवरच्या नंबरवर फोन आला. हिंदीतून. "आर्मी से बोल रहा हूँ, अहमदनगर कैंट से." युनिटमधल्या जवानांना दिवाळीला द्यायला साठ चादरी आणि शंभरावर टॉवेल पाहिजेत, गाडी आम्हीच पाठवू. व्हॉट्सॲपवर वर्दीतला डीपी. मागोमाग ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो. आप्पांना फौजेचं भारी कौतुक. त्यांनी दुसरी गिऱ्हाइकं थांबवून माल काढायला लावला.

आप्पांनी विचारलं, किती वजनाची देऊ? आमच्याकडे चादरीचं बोलणं वजनापासून सुरू होतं. पलीकडून उत्तर, "कोई भी चलेगा." भाव सांगितला, तोही एका दमात मान्य. आता तुम्हीच सांगा, मयूरपंखी चादर उलगडून, उलटी करून, काठाचा धागा ओढून बघितल्यावरही वीस रुपये कमी करा म्हणत नाही असं गिऱ्हाईक असतं का? खरे फौजी आमच्याकडे सुट्टीवर आले की येतात. ते तर घासाघीस केल्याशिवाय पिशवी उचलत नाहीत.

मी तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा माल भरत होतो. दुकानात आप्पांच्या मदतीला माझा भाचा होता. इंजिनियर, हिंजवडीत नोकरी, दिवाळीला आलेला. पलीकडच्या 'साहेबांनी' त्याला समजावलं की आर्मीचं पेमेंट उलट्या पद्धतीने होतं, आधी तुम्ही एक रुपया पाठवा, आमच्याकडून दोन येतील. याने स्वतःच्या फोनवरून एक पाठवला, दोन आले. झालं, विश्वास बसला! मग क्यूआर कोड आला, पूर्ण रकमेचा. फर्मच्याच खात्यावरून स्कॅन करा म्हणाले. दुकानाच्या फोनचा पिन माझ्याकडे, म्हणून मला फोन.

"मामा, दुकानाचा पिन सांग पटकन, पेमेंट घ्यायचंय."

"घ्यायला पिन कशाला रे?"

"अरे, आर्मीची सिस्टीम वेगळी असते."

मागून आप्पांचा आवाज, साहेब लाइनवर थांबलेत, त्यांना मीटिंगला जायचंय. मी म्हटलं, थांबू दे त्यांना, फोन ठेव. त्यानंतर तो माणूस दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवरून फोन करत राहिला. देश के जवान पे शक करते हो, दुकान बंद करवा दूँगा, आणि शेवटी इथे लिहिण्यासारखं नाही ते. आप्पा मात्र दिवसभर गप्प. बांधलेला गठ्ठा त्यांनी दिवाळी संपेपर्यंत सोडू दिला नाही. खरंच फौजी असला तर, म्हणायचे.

भाऊबीजेला जेवताना विषय निघाला. आमचे दाजी बँकेतून रिटायर झालेत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "लोभी माणूसच फसतो." वर्षानुवर्षं ऐकतोय. कुणाचंही काहीही गेलं की हेच. त्या दिवशीही श्रीखंडाची वाटी पुढे ओढत तेच म्हणाले. मी विचारलं, दाजी, लोभ कुठे दिसला तुम्हाला? भाव आमचाच होता, पाटीवर लिहिलेला. एक रुपया जास्त मागितला नव्हता. आप्पा अडकले ते फौजीचा मान राखण्यात, आणि पोरगं अडकलं ते घाईत. आणि हे पोरगं तुमचंच, शिकलेलं, कॉम्प्युटरवालं. अक्काने माझ्याकडे डोळे वटारले म्हणून मी थांबलो, नाहीतर बरंच होतं.

तर तुमच्या प्रश्नाकडे. दिवाळीत हे प्रकार वाढतात कारण सगळ्यांनाच गडबड असते आणि नकार द्यायची लाज वाटते. सणात दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं, फोनवरच्या साहेबाला ताटकळत कसं ठेवायचं, या आपल्याच सवयी. आई-वडिलांना 'तुम्ही भोळे आहात' सांगितलंत तर ते तुमच्यापासूनच लपवायला लागतील. त्यांना एवढंच सांगा की फोन कापला तर कुणाचा अपमान होत नाही. पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही. पैसे मागायची जी रिक्वेस्ट कुणीही कुणाला धाडत होतं, ती एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्ती-व्यक्तींमध्ये बंद केली, पण क्यूआर आहेच.

आमच्या भागात आणखी एक धंदा चालतो. सुट्टीत अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायला लोक येतात आणि भक्तनिवासाचा नंबर गूगलवर शोधतात. वर येतो तो नंबर भामट्याचाही असू शकतो. केदारनाथ, सोमनाथच्या नावाने अशा खोट्या बुकिंग साइट निघाल्याचा इशारा आय-फोर-सीने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांविरोधी यंत्रणेने, एप्रिल 2025 मध्ये दिला होता. नंबर संस्थानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, नाहीतर सरळ या, खोली बघा, मग पैसे द्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकेच्या नावाने डॉट एपीके फाइल येतात, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या फाइल. पत्रिका उघडण्यासाठी ॲप कशाला लागतंय? आणि कुरिअरवाल्याने पार्सल अडकलंय म्हणून स्टार 401 स्टार असं काही डायल करायला सांगितलं तर करू नका, त्याने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात. वळलेच असतील तर हॅश हॅश 002 हॅश.

जाता जाता आमचं रडगाणं. सेलमध्ये दीडशे रुपयांत 'ओरिजिनल सोलापुरी चादर' दिसली तर ती चादर असेल, सोलापुरी नसेल. आमच्या चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला लावता येतं, आणि सुताचा भावच तेवढ्यात बसत नाही. ही पण फसवणूकच, पण हिच्यासाठी कुणी पोलिसात जात नाही.

यूपीआय बंद करू नका. वेगळं छोटं खातं काढा, महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे त्यात ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा. एफडी असलेल्या खात्याला यूपीआय जोडायची गरजच काय? हे मात्र दाजींनीच आमच्या घरी करून दिलं, ते मान्य करायला पाहिजे.

त्यांचं आणखी एक म्हणणं बरोबर आहे, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. पण पिन तुम्हीच टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. म्हणून पैसे गेल्याचं कळताच 1930 ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. आधी भावाला, मग मेहुण्याला, मग शेजारच्या पोराला विचारत बसायचं नाही, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडेपर्यंतच तो गोठवता येतो. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते. रात्री-अपरात्री झालं तरी सकाळची वाट बघू नका, 1930 चोवीस तास आहे. आणि आई-वडिलांनी फोन केला तर पहिलं वाक्य 'कशाला दाबलं?' असं नको, ते भांडण नंतर करा, आधी 1930 लावा.