तान्ह्याच्या तोंडात काय जातं ते बघ

बाय, सहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडातच घालणार. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेच्या फेरीत खेळणं आवडलं, तरी आधी आयएसआय खूण शोध. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. नसेल तर पुढे चाल, मूल कितीही रडो.

उग्र वासाचं लुसलुशीत प्लास्टिक नकोच. ते मऊ करायला अनेकदा थॅलेट्स नावाची रसायनं घालतात. ती प्लास्टिकमध्ये घट्ट धरून राहत नाहीत, चोखताना लाळेत उतरतात. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे काचेसारख्या कडक प्लास्टिकची, जुनी दुधाची बाटली कोणी प्रेमाने दिली तरी वापरू नकोस, त्यात बिस्फेनॉल-ए हे अपायकारक रसायन असतं. वाटी-चमचा केव्हाही बरा.

माझी चूक सांगते. थोरलीसाठी माळ्यावरचा आजोळचा पाळणा काढला, पावसाने पोपडे आलेला रंग घरातच सँडपेपरने घासला. मागाहून कळलं, जुन्या रंगात बरेचदा शिसं असतं आणि त्याची धूळ मुलाच्या हातातोंडातून पोटात जाते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये, आमचा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. अजून मनाला लागतं. तुमच्याकडे तसा पाळणा असेल तर बाळाला त्यात घालू नकोस.