गोधडी शिवणाऱ्यांच्या स्थानिक गटात एकमेकींचे काम आणि कल्पना कशा वाटून घ्याव्यात?

आपण लिहिले आहे की वसाहतीतील काही जणी गोधडी शिवण्यासाठी एकत्र येऊ लागल्या आहेत, परंतु प्रत्येक भेटीत तयार गोधड्या उलगडल्या जातात, कौतुक होते, चहा होतो आणि सगळ्या घरी जातात. कोणी कोणाकडून काही शिकल्याचे जाणवत नाही. कोल्हापुरात आमचा असाच एक गट काही वर्षे चालू आहे (आमच्याकडे बहुतेक जणी वाकळच म्हणतात) आणि त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की अडचण तयार गोधडी दाखवण्यातच आहे. पूर्ण झालेल्या कामात रंगसंगती दिसते, पण ती कोणत्या अडचणीतून जमली, कोणता तुकडा आधी लावून मग काढला, कापड कमी पडले तेव्हा काय केले, हे काहीच दिसत नाही. म्हणून भेटीला अर्धवट काम आणावे, असे आपण ठरवून टाकावे. तयार गोधडी आणायची असेल तर ती उलट्या बाजूने अंथरावी.

उलट बाजूचा आग्रह मी मुद्दाम धरते. धावदोरा सगळ्या थरांतून गेला आहे की नाही, गाठी कुठे लपवल्या, ओळी कडेला सरळ असून मध्यभागी का भरकटल्या, हे पाठीवरच कळते. आतल्या चिंध्या नीट पसरल्या नसतील तर त्यांचे गोळे हाताला लागतात. सुरुवातीला बायका संकोचतात, विशेषतः ज्यांचा हात चांगला समजला जातो त्या. परंतु एखादीने आपल्या गोधडीची पाठ मोकळेपणाने दाखवली की बाकीच्या आपोआप प्रश्न विचारू लागतात.

सर्वांत जास्त देवाणघेवाण मात्र गोधडी अंथरण्याच्या आणि टाचण्याच्या वेळी होते, आणि नेमके हेच काम बहुतेक जणी घरी एकट्याने उरकून येतात. खालचे कापड जमिनीवर ताणून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवणे, त्यावर जुनी धोतरे, चादरी, विरलेले टॉवेल असे थर कडा एकमेकींवर न चढवता पसरणे, वरचे कापड घालून मध्यापासून कडेकडे हात फिरवत हवा आणि सुरकुत्या काढणे आणि मग मोठे कच्चे टाके घालून सगळे बांधून घेणे, हे काम एकटीसाठी कंटाळवाणे असते, चौघींसाठी तासाभराचे असते. अशा वेळी एखादी सहज सांगून जाते की सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, नाहीतर तिथे सुई अडते; किंवा कडेकडून आत शिवत जाणार असाल तर सैल कापड मध्यभागी सरकत जमा होते, म्हणून कच्चे टाके मध्यभागी दाट घालावेत. या गोष्टी वेगळा वर्ग भरवून शिकवल्या तर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. ऐन अडचणीच्या वेळी कानावर पडल्या तर विसरत नाहीत. म्हणून आपल्या भेटींची जागा निवडताना खुर्च्यांची खोली नको, मोकळी जमीन असलेली जागा पाहावी. देवळाचा सभामंडप किंवा इमारतीची गच्ची उत्तम.

कल्पनांइतकेच कापडही वाटून घ्यावे. एका नऊवारी लुगड्याचे साधारण दोन मीटरचे चार तुकडे होतात. दोन तुकडे रुंदीने जोडले की मोठ्या माणसाच्या गोधडीची एक बाजू, उरलेल्या दोनांची दुसरी. सहावारीचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले तर एकच बाजू होते. हा हिशेब सगळ्यांना ठाऊक असला की कोणाकडे काय जास्त आहे आणि कोणाला काय हवे आहे, हे लगेच समजते. सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावे, कारण एकाच गोधडीत दोन्ही आले की धुतल्यावर एक आटते आणि दुसरे आटत नाही. नवे किंवा गडद कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग जातो का ते पाहावे आणि मगच पिशवीत टाकावे. घरातील गेलेल्या माणसाचे कापड असेल तर ते देणाऱ्या बाईने तसे सांगावे. काही जणी ते आवडीने लावतात, काही जणींना बाळाच्या दुपट्यात ते नको असते, आणि दोन्ही गोष्टींचा मान ठेवण्यात काहीच अवघड नाही.

आपण प्रेरणेबद्दलही विचारले आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे एक गाव आहे. तेथील आणि आसपासच्या स्त्रियांनी 1966 मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे 1970च्या दशकात या संस्थेला सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयचे (उभ्या उठावदार रेघांच्या जाड कापडाचे) उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले आणि त्यातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे गावभर गेले. मोजक्याच रंगांचे तेच जाड कापड घरोघरी पोहोचले आणि प्रत्येक घरातून निराळी गोधडी बाहेर पडली. याच गावातील गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. आपल्या गटासाठी मला यातून घेण्यासारखी युक्ती दिसते ती अशी की सगळ्यांना एकाच जुन्या साडीचे सारखे तुकडे द्यावेत आणि पुढच्या भेटीत त्यांचे काय झाले ते पाहावे. निरनिराळ्या सुंदर गोधड्या पाहून माणूस दिपून जातो आणि नक्कल करतो. कापड तेच असले की दुसरीने कुठे वेगळा विचार केला, तो नेमका दिसतो.

एवढे दूर जायचे नसेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, पाहाव्यात. हा मूळचा आफ्रिकेतून आलेला समाज आहे आणि त्यांच्या बोलीचे कोंकणीशी नाते आहे. कवंदी कडेपासून सुरू होते. तुकड्यांच्या कडा दुमडत, एकावर एक लावत आणि लगेच धावदोरा घालत ती मध्याकडे सरकते, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे ‘फुला’ लावतात. कागदावर आधी आराखडा काढायची सवय असलेल्यांनी एकदा तरी अशा पद्धतीने हातरुमालाएवढा नमुना करून पाहावा. तुकडा हातात आल्यावर त्याची जागा ठरवणे हे वेगळेच कौशल्य आहे.

आता थोडे नियमांबद्दल. दुसरीच्या घरातील जुन्या गोधडीचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. नमुना कोणाकडून घेतला ते सांगावे. चौकडी, त्रिकोण यांवर कोणाची मालकी नसते, पण एखादीने स्वतः जुळवलेली मांडणी तशीच उचलून विकायला ठेवली की गट फुटायला वेळ लागत नाही. विक्रीचा विषय म्हणूनच भेटींपासून शक्यतो वेगळा ठेवावा. आणि आपल्या भागात घरोघरी जाऊन मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बाया येत असतील तर त्यांना अवश्य बोलवावे, मात्र त्यांच्या दिवसाची मजुरी देऊन. हौशी बायकांनी कष्टकरी बाईकडून फुकट शिकून घ्यावे आणि त्याला देवाणघेवाण म्हणावे, हे मला पटत नाही.

सर्वांनी मिळून वर्षाला एक गोधडी जरूर शिवावी, आणि ती लहान असावी. मोठी गोधडी अर्धवट राहते आणि शेवटी एकीच्याच गळ्यात पडते. चौघींनी चार बाजूंना बसून कडेपासून आत एकेक ओळ शिवत यावे, ओळींमध्ये बोटाएवढे अंतर ठेवावे आणि कोपऱ्यात कोणाचा दोरा वळणार ते आधी ठरवावे. कोणाचे टाके बारीक येतील, कोणाचे लांब. ते तसेच राहू द्यावेत, दुसरीने घातलेला टाका उसवू नये. उन्हाळा या कामाला सोयीचा, कारण आदल्या दिवशी धुतलेली कापडे कडक वाळतात आणि गच्चीवर संध्याकाळी बसता येते. तयार गोधडी कोणाला द्यायची हे मात्र पहिला टाका घालण्यापूर्वी ठरवावे. आमच्याकडे ती गटातील ज्या घरी बाळ येणार असेल तिथे जाते, आणि तसे कोणी नसेल तर चिठ्ठी टाकतो.