एल्फिन्स्टन हे आडनाव मूळचं कुठलं, आणि त्याचा माग कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की मुंबईत जागोजागी दिसणारं एल्फिन्स्टन हे आडनाव आलं कुठून, आणि या घराण्याचा वंश शोधता येतो का.

हे गावावरून पडलेलं आडनाव. स्कॉटलंडमधल्या ईस्ट लोदियन परगण्यात ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं छोटं खेडं आहे. शेवटचा 'स्टन' म्हणजे दगड नव्हे, जुन्या इंग्रजीतली वस्ती. इंग्रजीत 'एल्फ' म्हणजे परीसारखा जीव, म्हणून 'पऱ्यांचा दगड' ही गोष्ट मागाहून चिकटली. एकाच लहान गावाचं नाव, म्हणून आडनावही दुर्मिळ. पुढे घराणं स्टर्लिंगशरमधल्या एअर्थकडे सरकलं, एक शाखा अ‍ॅबर्डीनशरला गेली. १४९५ साली अ‍ॅबर्डीनचं विद्यापीठ उभारणारा बिशप विल्यम एल्फिन्स्टन याच आडनावाचा. पहिले लॉर्ड एल्फिन्स्टन १५१३ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत पडले.

मुंबईत मात्र काका-पुतण्यांची गल्लत होते. एल्फिन्स्टन कॉलेज काका माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या (गव्हर्नर, १८१९-२७) नावाचं. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि आताचं हॉर्निमन सर्कल (आधीचं एल्फिन्स्टन सर्कल) ही पुतण्याची, म्हणजे तेराव्या लॉर्डची (गव्हर्नर, १८५३-६०) आठवण. दोघंही अविवाहित. तेव्हा 'आम्ही गव्हर्नरसाहेबांचे थेट वंशज' असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी कागद मागा.

शोध 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी साइटवर सुरू करा. सूची फुकट, मूळ नोंदीच्या प्रतिमेला पैसे. स्पेलिंग 'पीएच' आणि 'एफ' दोन्हींनी येतं, शेवटचा 'ई' कधी असतो कधी नसतो. म्हणून ई, एल, तारांकन, एस, टी, तारांकन असं टाका (तारांकन म्हणजे तिथं कोणतीही अक्षरं चालतील). एलिस्टनसारखी परकी नावंही येतील, ती हातानं गाळा. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची. त्यातलं पहिलं वर्ष सोन्यासारखं, कारण जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, आधीची मुलंसुद्धा लिहिली आहेत. १८५६ पासून हा तपशील कापला. १८५५ आधीची चर्चची रजिस्टरं तुटक आहेत; जे चर्च ऑफ स्कॉटलंड या तिथल्या अधिकृत चर्चच्या बाहेर होते, ते त्यांत बहुधा सापडत नाहीत. बायकांच्या नोंदीत माहेरचं आडनाव टिकतं, त्यामुळे आईकडून मागे जाणं सोपं.

कुणी मुंबई इलाख्यात नोकरीला होता असं वाटलं, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दफ्तरात 'एन-३' मालिका पाहा: मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं.

आणि 'घराण्याचं बोधचिन्ह' म्हणून दुकानं विकतात त्यावर पैसे घालवू नका. स्कॉटलंडमध्ये ढालचिन्ह व्यक्तीचं असतं, आडनावाचं नाही.