मत आपलं की ऐकीव, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: राजकारण, धर्म आणि संगीत यांबद्दल माझी मतं ठाम आहेत, पण ती खरंच माझी आहेत की घरून, मित्रांकडून उचललेली, हे कसं ओळखू?

उचललेली तर असणारच. भाषा घरून येते, तशी मतंही येतात. त्यामुळे मत कुठून आलं याच्या मागे लागू नका. ते तुम्हाला उलगडून सांगता येतं का, आणि कशाने बदलेल हे माहीत आहे का, एवढंच पाहा. शिवाय तिन्हींना एकच फूटपट्टी लावू नका. राजकीय मताला पुरावा मागता येतो, गाण्याच्या आवडीला नाही, आणि धर्माचं निम्मं तर 'मत' या सदरात बसतच नाही. लोकांचं घोडं इथेच पेंड खातं: गाण्यावरून हमरीतुमरीवर येतात आणि धोरणाचा विषय निघाला की 'ज्याची त्याची आवड' म्हणून मोकळे होतात.

राजकारणापासून सुरुवात करा. पक्ष किंवा नेता नको, एकच धोरण घ्या. कोरा कागद आणि वीस मिनिटं पुरतात. वर १ ते ७ मधले दोन आकडे लिहा: पाठिंबा किती, आणि हे धोरण मला कितपत समजलंय. त्याखाली ते धोरण हवं 'का' ते लिहू नका, ते चालेल 'कसं' ते लिहा. कारणं आपल्याला पाठ असतात. ती लिहून काढणं म्हणजे पाढे म्हणणं.

उदाहरणार्थ, 'शहरातल्या बस सगळ्यांना मोफत हव्यात.' पहिली ओळ, तिकीट बंद. दुसरी, तो पैसा आता करातून भरायचा. कोणत्या करातून? तिसरी, गर्दीच्या वेळी प्रवासी वाढले, म्हणजे जादा बस आणि जादा चालक, खर्च पुन्हा वर. चौथी ओळ सहज लिहिली जाते: रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या. इथे पेन थांबवा. नवे प्रवासी गाडी सोडून आले की चालणं सोडून? एस्टोनियातल्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये रहिवाशांना मोफत प्रवास दिला, तेव्हा बसमध्ये चढलेल्यांत आधी पायी जाणारे बरेच निघाले. म्हणून धोरण वाईट ठरत नाही. कमी कमाईवाल्यांचा प्रवासखर्च वाचावा यासाठी तुमचा पाठिंबा असेल, तर तो जागचा हलत नाही. कोंडी फुटावी यासाठी असेल, तर चौथी ओळ पुन्हा लिहावी लागते. आपण नेमकं कशासाठी 'हो' म्हणत होतो, हेच कित्येकदा आधी कळलेलं नसतं.

शेवटी दोन्ही आकडे नव्याने लिहा. 'समजलंय'चा आकडा बहुधा खाली येतो. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात त्याबरोबर लोकांची मतंही मवाळ झालेली दिसली होती, पण २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा समजेचा आकडा उतरला आणि मतं होती तिथेच राहिली. तेव्हा मत बदललं नाही म्हणून परीक्षा फसली असं समजू नका.

दुसरी परीक्षा जरा झोंबते. तोच मसुदा विरोधी पक्षाने आणला असता तर? जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे करून पाहिलं. कल्याणकारी योजनेच्या मसुद्यावर आपल्या पक्षाचं नाव दिसलं की लोक स्वतःच्या विचारसरणीविरुद्धच्या योजनेलाही पाठिंबा देत होते, आणि वर पक्षाच्या नावाचा आपल्यावर परिणाम झाला नाही असंही सांगत होते. म्हणून ही परीक्षा मनातल्या मनात घेऊन उपयोग नाही. मित्राला चार प्रस्ताव पक्षांची नावं काढून लिहून द्यायला सांगा आणि गुण देऊन झाल्यावरच नावं उघडा.

धर्माच्या बाबतीत कागदावर तीन रकाने पाडा: मी काय मानतो, काय करतो, कोणाला आपलं समजतो. एखाद्याचा देवावर विश्वास नसतो, तरी तो सण पाळतो आणि त्या समाजात त्याला घरच्यासारखं वाटतं. याला ढोंग म्हणायची घाई करू नका. त्याचे रकाने वेगवेगळे भरले आहेत, इतकंच. 'करतो'च्या रकान्याला एकच प्रश्न पुरेसा आहे: कोणी पाहत नसतं तरी केलं असतं का? 'मानतो'ला वेगळा: हे खोटं निघालं तर माझ्या रोजच्या वागण्यात काय बदलेल? काहीच नाही, असं उत्तर आलं तर ती नुसती वारशाने आलेली ओळ असू शकते.

'दुसऱ्या घरात जन्मला असतास तर दुसरा धर्म मानला असतास' हा युक्तिवाद मात्र परीक्षा म्हणून वापरू नका. तो नास्तिकालाही तितकाच लागू होतो, आणि विश्वास कुठून आला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. आणखी एक, घरात आजारपण किंवा ताजं दुःख असताना हा कागद काढूच नका. तेव्हाची उत्तरं पुढे उलटू शकतात, दोन्ही दिशांना.

गाण्यात खरं-खोटं शोधायचं नसतं. प्रश्न एवढाच, की आवडतं ते कानाला की नावाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांसमोर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली होती. काहींना फक्त गाणी दिसली. इतरांना आठ वेगळ्या गटांत विभागून आपल्या गटात प्रत्येक गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, तेही दाखवलं. आठ गटांत यशस्वी गाणी वेगवेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर चढली नाहीत. मधल्यांचं नशीब गर्दीने ठरवलं.

घरी करायचं तर कुणाकडून तरी वीस अनोळखी गाण्यांची यादी घ्या, नावं आणि ऐकणाऱ्यांचे आकडे झाकून. आठवड्यात प्रत्येक गाणं तीनदा ऐका आणि गुण तिसऱ्या वेळी द्या. पहिल्या ऐकण्यात अनोळखीपणाच खुपतो, आणि ओळख वाढली की आवडही वाढते. तिसाव्यांदा ऐकून गुण दिलेत तर ती सवय मोजल्यासारखं होईल. किशोरवयातली गाणी यादीत नकोत, त्यांना आठवणींचे जादा गुण मिळतात. सगळ्यात जास्त घोळ आवाजाच्या पातळीने होतो: थोडं मोठ्याने वाजलेलं गाणं कानाला सरस वाटतं. म्हणून सगळी गाणी एकाच यंत्रावर, पातळी सारखी करून ऐका. प्लेअरमध्ये 'आवाज समान करा' अशी सोय असेल तर चालू ठेवा. मग नावं उघडा, आणि उघडल्यावर गुण खोडायला हात शिवशिवला तर त्या गाण्यापुढे फुली मारा, गुण तसेच राहू द्या.